संशय घेणारी गाडी

श्रावणातली संध्याकाळ होती. चिपळूणहून कराडला निघालो होतो. कुंभार्ली घाट निम्मा चढून झाला आणि गाडीने अंग चोरले. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन आपल्याच संथ सुरात घुमत राहिले. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. काचेबाहेर धुके, मागे मालट्रकांचे हॉर्न आणि शेजारी हात जोडून बसलेली आई. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, सायकलच्या वेगाने घाट चढलो आणि तशीच रखडत गाडी पाटणपर्यंत आणली.

पाटणच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलेसुद्धा नाही. स्टिअरिंगच्या खाली हात घालून त्याने एक चपटे सॉकेट चाचपले, त्यात स्कॅनरची वायर खुपसली आणि पडद्यावरचा कोड मला दाखवला : पी २१३८. "पेडलचा सेन्सर हाय साहेब. आत दोन असत्यात. दोघांचं जमंना झालंय." मग तो आडवा होऊन पेडलजवळ घुसला आणि तिथला कनेक्टर सोडवून बाहेर काढला. पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर धरतो तसा हिरवट कळक त्याच्या दोन पिनांवर चढला होता. गेल्या पावसात आत शिरलेले पाणी. ब्रशने पिना घासल्या, स्प्रे मारला, कोड पुसला. वीस मिनिटांत गाडी पूर्ववत झाली.

घाटात मी गाडीला दोष देत होतो. कारण समजल्यावर मात्र मत पूर्ण बदलले. त्या संध्याकाळी गाडीने नेमके तेच केले होते, जे तिच्याकडून अपेक्षित होते.

पेडलखाली तार नाही

जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरच्या पेडलला पोलादी केबल जोडलेली असे. पाय दाबला की केबल ओढली जाई, इंजिनाच्या तोंडाशी असलेली झडप उघडे, हवा आत जाई. पाय आणि झडप यांच्यात मध्यस्थ कोणी नव्हता. आजच्या बहुतेक गाड्यांत ती केबल नाही. पेडल म्हणजे एक विनंतीअर्ज आहे. तुम्ही ते किती दाबले हे सेन्सर मोजतो, तो आकडा इंजिनाच्या संगणकाकडे जातो, संगणक विचार करतो आणि एका छोट्या मोटरला झडप उघडायला सांगतो.

आता या मधल्या सेन्सरने चुकीचा आकडा सांगितला तर? पाय वर असताना 'पूर्ण दाबला आहे' असे सांगितले तर? यावर अभियंत्यांनी काढलेली तोड साधी आहे : एकाच पेडलवर दोन सेन्सर. बऱ्याच गाड्यांत एकाचा विद्युतदाब दुसऱ्याच्या दुप्पट ठेवलेला असतो. एकाने १ व्होल्ट सांगितला तर दुसऱ्याने २ सांगायलाच हवेत. दोघांना सारखाच दाब दिला असता तर त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटल्यावर दोघेही एकच आकडा सांगू लागले असते आणि संगणकाला ते एकमत वाटले असते. दुप्पटीचा हिशोब ठेवल्यामुळे ही फसवणूकही पकडली जाते.

दोघांचे जुळेनासे झाले की संगणक कोण खरा, कोण खोटा याचा निवाडा करत बसत नाही. तो दोघांवरचाही विश्वास काढून घेतो, इंजिनाची ताकद बांधून ठेवतो आणि गाडी कशीबशी घरी पोचेल एवढाच वेग देतो. गॅरेजच्या भाषेत याला 'लिंप मोड' म्हणतात, म्हणजे लंगडत चालणे. कळक चढलेल्या त्या पिनांमुळे गाडी माझ्या पायाखालून सुसाट सुटू शकली असती. तिने लंगडणे पत्करले.

गाडीतल्या सॉफ्टवेअरची विश्वासार्हता समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी. विश्वासार्ह यंत्र कधीच चुकत नाही, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते यंत्र आपले सेन्सर, आपले प्रोग्रॅम आणि आपल्याकडे आलेले निरोप या सगळ्यांवर सतत संशय घेत असते. गेल्या पन्नास वर्षांची कथा म्हणजे हा संशय एकेक पायरी चढत कसा गेला, त्याची कथा.

धुराच्या कायद्यातून आलेला संगणक

गाडीत संगणक आला तो धुरापायी. १९७० साली अमेरिकेने हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा केला आणि गाड्यांच्या धुरातले प्रमुख विषारी घटक ९० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य कंपन्यांपुढे ठेवले. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर १ किलो पेट्रोलमागे १४.७ किलो हवा हे प्रमाण काटेकोर राखावे लागते. कार्बोरेटरला ते जमेना. थंडीत चोक ओढावा लागणारा, घाटमाथ्यावरच्या विरळ हवेत पेट्रोल जास्त पिणारा कार्बोरेटर म्हणजे अंदाजपंचे कारभार होता.

जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या १६०० गाडीसाठी इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणी आणली होती, पण तिच्या नियंत्रकात प्रोग्रॅम नव्हता. नुसती ट्रान्झिस्टरांची जुळणी होती. १९७६ मध्ये व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला. १९७७ च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोत ठिणगीची वेळ ठरवायला मायक्रोप्रोसेसर आला. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच डिजिटल संगणकाच्या ताब्यात गेली. १९८१ पर्यंत जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या सगळ्या प्रवासी गाड्यांत इंजिनावर संगणकाचा पहारा बसला आणि त्या प्रोग्रॅमची लांबी सुमारे ५०,००० ओळी होती.

या संगणकाचे काम किती घाईचे, ते पाहा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते तेव्हा सेकंदाला ५० फेरे होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात त्या एका सेकंदात १०० ठिणग्या पडतात. दोन ठिणग्यांमध्ये उरतात १० मिलिसेकंद. तेवढ्यात हवा मोजायची, तापमान पाहायचे, पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा हे ठरवायचे. इथे उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चुकीचेच उत्तर असते. घरच्या संगणकापेक्षा गाडीतला संगणक वेगळा ठरतो तो इथे.

डिजिटल झाल्यामुळे भरवसा वाढला, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा बॉशने १९७० मध्ये तयार केली, तेव्हा तिच्या नियंत्रकात सुमारे १,००० सुटे भाग होते. रस्त्यावरच्या उन्हापावसात, हादऱ्यांत टिकेल अशी ती नव्हती. डिजिटल चिप वापरल्यावर भागांची संख्या १४० वर आली आणि १९७८ मध्ये ती मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये बसली. जितके जोड कमी, तितक्या बिघडायच्या जागा कमी.

आपल्याकडे ही लाट आली ती २००० च्या आसपास, गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरे मिरवत. नाशिकमध्ये ज्या कारखान्याला लोक आजही 'मायको' म्हणतात, त्या बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर घडवणाऱ्या कामगारांनी हा बदल हाताने अनुभवला. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था गाड्यांची परीक्षा घेतेच. आता तिच्या जोडीला हिंजवडीतल्या इमारतींमध्ये हजारो मराठी मुलेमुली जगभरच्या गाड्यांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम करतात.

जे झिजत नाही, ते बिघडते कसे?

ब्रेकचे लायनिंग झिजते, बेल्टला चिरा जातात, बेअरिंग आधी कुरकुरते आणि मग जाते. या सगळ्यांना वय असते आणि जाण्यापूर्वी ते सूचना देतात. प्रोग्रॅमला वय नसते. त्यातली चूक पहिल्या दिवसापासून तिथेच असते आणि एखादी विशिष्ट परिस्थिती जुळून येण्याची वाट पाहत बसते. शिवाय ती एका गाडीत असली की त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत असते. २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून १९ लाख प्रियस गाड्या परत बोलावल्या. जास्त भार पडला की प्रोग्रॅमच्या हुकमामुळे वीज वाढवणाऱ्या भागातले ट्रान्झिस्टर प्रमाणाबाहेर तापू शकत होते. इलाज होता प्रोग्रॅम बदलण्याचा.

म्हणून संशयाची दुसरी पायरी : प्रोग्रॅमने स्वतःवर ठेवलेला पहारा. जुन्या गिरण्यांत रात्रपाळीच्या वॉचमनला ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन घड्याळात चावी फिरवावी लागे. चावी फिरली नाही तर वॉचमन झोपला, असे सकाळी कळे. गाडीच्या संगणकातही असे घड्याळ असते. त्याला 'वॉचडॉग' म्हणतात. प्रोग्रॅमने दर काही मिलिसेकंदांनी 'मी जागा आहे' अशी खूण त्याला द्यायची. खूण चुकली की घड्याळ संगणकाला बंद करून नव्याने सुरू करते. सगळे क्षणार्धात होते.

पण पहारा ठेवणे आणि पहारा नीट ठेवणे यात अंतर आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात २००५ च्या टोयोटा कॅमरीचा वेग आवरला गेला नाही. अपघातात एका प्रवासी स्त्रीचा मृत्यू झाला आणि चालक गंभीर जखमी झाली. त्याआधी आणि नंतरही अशा तक्रारी आल्या. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळच्या भीषण अपघाताने तर देश हादरला. तिथे पेडल पायपुसण्यात अडकल्याचे निष्पन्न झाले. सरकारने नासाच्या अभियंत्यांना इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तपासायला लावले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचा अहवाल आला : अशा मोठ्या वेगवाढीला कारणीभूत ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही.

ओक्लाहोमाचा खटला मात्र २०१३ मध्ये उभा राहिला. फिर्यादीच्या बाजूचे सॉफ्टवेअर तज्ज्ञ मायकल बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडक बंदोबस्तातल्या खोलीत बसून कॅमरीचा मूळ प्रोग्रॅम अनेक महिने वाचला होता. बार यांची साक्ष अशी की, संगणकाच्या स्मृतीतला एक बिट उलटला तर झडपेवर लक्ष ठेवणारे एक मुख्य काम मध्येच थांबू शकते आणि वॉचडॉगला ते कळतच नाही. कारण त्याला खूण देणारा दुसराच आहे. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर वॉचमन निपचित पडलाय आणि त्याची चावी भलताच माणूस नियमाने फिरवतोय. सगळ्या प्रोग्रॅमला उघड्या असणाऱ्या १०,००० हून अधिक सामाईक नोंदी त्यांनी मोजल्या. टोयोटाने हे आरोप नाकारले. ज्युरीने कंपनीला ३० लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. त्या विशिष्ट गाडीत नेमके काय घडले याचा ठसा मागे राहिला नव्हता. प्रोग्रॅमचा बिघाड तुटलेल्या ॲक्सलसारखा हातात धरून दाखवता येत नाही.

म्हणूनच लिहिण्याच्या शिस्तीला महत्त्व आले. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या वाहन उद्योगाने 'मिस्रा' नावाचे नियम घालून दिले : सी भाषेतल्या कोणत्या सोयी वापरायच्या नाहीत त्याची यादी. २०११ मध्ये आयएसओ २६२६२ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात गाडीच्या प्रत्येक कामाला धोक्यानुसार ए ते डी अशी श्रेणी देतात. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या सर्वांत घातक बिघाडांना डी श्रेणी, म्हणजे सर्वांत कडक तपासणी.

ही तपासणी होते कशी? प्रयोगशाळेत इंजिनाचा संगणक एका रॅकवर ठेवतात. त्याच्या वायरी खऱ्या इंजिनाला न जोडता दुसऱ्या संगणकाला जोडतात, जो इंजिनाचे सोंग घेतो. बिचाऱ्या संगणकाला वाटते, आपण महामार्गावर ताशी १०० किलोमीटरने धावतोय. मग तपासनीस एकेक वायर तोडतो, दोन वायरी एकमेकींना चिकटवतो, सेन्सरला अशक्य आकडे बोलायला लावतो आणि पाहतो : गाडी लंगडते की सुसाट सुटते? कुंभार्ली घाटातला माझा प्रसंग असल्या एखाद्या खोलीत कोणीतरी आधीच घडवून पाहिला होता. म्हणून मी हे लिहू शकतो आहे.

वाड्याचा दरवाजा उघडाच होता

गाडीत संगणक वाढत गेले तसे ते एकमेकांशी बोलायला हवे होते. प्रत्येकाला प्रत्येकाशी वायरने जोडायचे तर तांब्याचा भारा झाला असता. बॉशने १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत 'कॅन' नावाची पद्धत मांडली. १९९१ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये ती आली आणि पुढे जगभर पसरली. दोन वायरींच्या एकाच जोडीवर सगळे संगणक बोलतात. प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो. दोघांनी एकदम तोंड उघडले तर लहान क्रमांकाचा निरोप पुढे जातो आणि दुसरा आपोआप गप्प बसतो. महत्त्वाच्या निरोपाला लहान क्रमांक दिला की काम झाले.

एक गोष्ट मात्र या पद्धतीत नव्हती. निरोप कोणी पाठवला, हे विचारण्याची सोय. जुन्या वाड्यात दिवसभर दरवाजा उघडा असे, कारण आत येणारा घरचाच असणार, असे गृहीत होते. तसेच इथेही होते. १९८६ मध्ये ते गैर नव्हते. गाडीत शिरायचे तर हातात पाना घेऊनच शिरावे लागे. मग गाडीत मोबाइलचे सिम आले आणि वाडा भर चौकात आला.

जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी घरात बसून सेंट लुइसच्या महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीची ताकद काढून घेतली. चालवणाऱ्या पत्रकाराला प्रयोगाची कल्पना होती, पण काय होणार हे माहीत नव्हते. गाणी लावणाऱ्या यंत्रणेत ते मोबाइल नेटवर्कवरून शिरले. ती यंत्रणा आणि कॅनच्या वायरी यांच्यामध्ये एक वेगळी चिप होती, पहारेकऱ्यासारखी. पण त्या चिपने नवा प्रोग्रॅम स्वीकारताना त्यावर कंपनीची सही आहे का, हे पाहिलेच नाही. कंपनीने १४ लाख गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर केली आणि मालकांना टपालाने यूएसबी पाठवले.

त्यानंतर संशयाची तिसरी पायरी बांधली गेली : आलेला निरोप घरचाच आहे का, हे तपासणे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २०२१ पासून अमलात आलेले १५५ आणि १५६ क्रमांकाचे नियम हेच सांगतात. घुसखोरीपासून रक्षण कसे करणार आणि प्रोग्रॅम बदलताना नोंद कशी ठेवणार, हे मंजुरीपूर्वीच दाखवा.

रात्रीत बदलणारी गाडी

मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने टेस्लाच्या मॉडेल ३ चे ब्रेक तपासले. ताशी ९७ किलोमीटरवरून थांबायला गाडीला ४६ मीटर लागले. इतर गाड्यांच्या मानाने ते जास्त होते. काही दिवसांत कंपनीने हवेतूनच नवा प्रोग्रॅम पाठवला आणि तीच गाडी सुमारे ४०.५ मीटरमध्ये थांबू लागली. गॅरेजची पायरी न चढता ब्रेक सुधारले. रस्त्यात मूल आडवे आले तर ही साडेपाच मीटर म्हणजे त्याचे आयुष्य आहे, म्हणून या सोयीचे मोल मी मोठे मानतो. पण काल रात्रीपर्यंतचे ब्रेक आणि आज सकाळचे ब्रेक वेगळे असू शकतात, याचा अर्थ असाही की एकदा घेतलेली परीक्षा आता पुरत नाही.

प्रोग्रॅम झिजत नाही, पण झिजवतो, हेही याच कंपनीच्या गाड्यांनी दाखवले. जुन्या मॉडेल एस आणि एक्समध्ये ८ जीबीची स्मृती-चिप होती. अशा चिपवर मर्यादित वेळाच लिहिता येते आणि गाडी तिच्यावर नोंदी लिहीतच राहिली. वही भरली नाही, कागद फाटला. मागचा कॅमेरा, काचेवरचे धुके हटवण्याची बटणे असलेला मोठा पडदा काळा पडू लागला. २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीला घेतल्या गेल्या.

कंपनीवर कोण संशय घेणार?

शेवटची पायरी यंत्राच्या बाहेर आहे. २०१५ मध्ये उघडकीला आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणात प्रोग्रॅम बिघडलेला नव्हता. तो हुकमाबरहुकूम चालत होता. गाडी प्रयोगशाळेत आहे हे ओळखून तो धूर स्वच्छ करी आणि रस्त्यावर सोडून देई. जगभरात १ कोटी १० लाख गाड्यांत तो होता. ही लबाडी उजेडात यायला सुरुवात झाली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहान चमूमुळे. त्यांनी धूर मोजायची यंत्रे डिकीत बसवली आणि गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. पुढे पुण्याच्या एआरएआयनेही भारतातल्या गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्या ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली. एप्रिल २०२३ पासून आपल्याकडेही प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजण्याची अट लागू झाली.

इथे मला पुन्हा पाटणचा तो गॅरेजवाला आठवतो. त्याच्या हातातला स्कॅनर कंपनीने दिलेला नव्हता. पी २१३८ हा कोड त्याला वाचता आला, कारण कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण मंडळाने हट्ट धरला, १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या प्रत्येक गाडीत एकाच आकाराचे १६ पिनांचे सॉकेट आणि एकाच भाषेतले कोड सक्तीचे झाले आणि २०१३ पासून आपल्या गाड्यांनाही तसाच नियम लागला. गाडीने घेतलेला संशय तिने तिऱ्हाइताला कळेल अशा शब्दांत नोंदवून ठेवावा, असा तो नियम. नाहीतर मला गाडी उचलून शहरातल्या अधिकृत सेंटरला न्यावी लागली असती आणि ते सांगतील ते खरे मानावे लागले असते.

नव्या गाड्यांची दुरुस्ती दूरच्या सर्व्हरमागे जाऊ लागली आहे. सुरक्षेसाठी काही कुलपे लागतील, हे जीपच्या अनुभवाने पटते. पण कुलूप घालताना ते सॉकेट उघडे राहील, याची खबरदारी कायद्याने घ्यायला हवी. नवी गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, एअरबॅग मोजतो. त्याच दमात विचारावे : बिघडली तर हिचा कोड बाहेरच्या गॅरेजवाल्याला वाचता येईल का?

निघताना त्या गॅरेजवाल्याने कनेक्टरवर थोडे ग्रीस लावले आणि म्हणाला, "पुढच्या पावसात परत दिवा लागला तर घाबरू नका साहेब. हळू चालली म्हणजे ती शाणी हाय." आई शेजारच्या सीटवर झोपली होती. कराडपर्यंत दिवा लागला नाही.